मुखवट्यामागचा निंजा : एका चोरट्या आवडीचा शोध

इचलकरंजीला आत्याच्या घरी गणपतीतली एक रात्र ठरलेली असे. गल्लीत वर्गणी काढायची, टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि रात्री नऊपासून पहाटेपर्यंत ओळीनं तीन-चार कॅसेटी बघायच्या. पहिली देवाधर्माची, दुसरी अमिताभची नाहीतर मिथुनची. म्हातारीकोतारी झोपली की शेवटची लागायची, ती 'निंजाची'. सिनेमाचं नाव कुणाला ठाऊक नसे, इंग्रजी कुणाला कळत नसे आणि त्यावाचून काही अडतही नसे. माझा आत्तेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो, यंत्रमागावर रात्रपाळीला असायचा. या एका रात्रीसाठी तो आठवडाभर आधी पाळी बदलून घ्यायचा.

पुढे मी पुण्याला शिकायला गेलो, फिल्म सोसायटीचा सभासद झालो, बर्गमन आणि कुरोसावा पाहिले. एका दिवाळीत दादानं विचारलं, "पुण्यात निंजाची नवी पिक्चरं मिळत्यात काय रं?" घरात माझे दोन मित्र आलेले होते. मी हसून म्हणालो, "दादा, पिक्चर कसली ती? कचरा आहे नुसता." तो काही बोलला नाही. त्यानंतर माझ्यासमोर त्यानं हा विषय कधीच काढला नाही.

खरी गोष्ट अशी, की मी ते सिनेमे बघायचं सोडलेलं नव्हतं. फक्त दार लावून बघत होतो.

अशा आवडीला इंग्रजीत 'गिल्टी प्लेझर' म्हणतात. आवडतं, पण आवडतं म्हणून अपराधी वाटतं. गेली काही वर्षं मी ऐंशीच्या दशकातले हे स्वस्तातले मारधाडपट नव्यानं, आणि दार उघडं ठेवून, पाहतो आहे. त्यांत आनंद नेमका कशाचा आणि अपराध नेमका कुठला, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात का, ते इथे पाहू.

आधी पोस्टर, मग सिनेमा

हे सिनेमे असे का दिसतात, हे त्यांच्या हिशेबाच्या वहीतून कळतं. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' 1973 साली आला आणि जगभर चालला. त्याआधीच लीचं निधन झालेलं होतं. मागणी उरली, पण ती भागवणारा माणूस उरला नाही. पुढच्या काही वर्षांत घरोघरी व्हीसीआर आले आणि कॅसेटच्या दुकानांना दर आठवड्याला नवा माल हवा झाला. मोठ्या स्टुडिओंना ही भूक एकट्यानं भागवता येण्यासारखी नव्हती.

ही संधी मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या इस्रायली चुलतभावांनी हेरली. 1979 साली त्यांनी 'कॅनन' ही अमेरिकन कंपनी ताब्यात घेतली. कानच्या महोत्सवाच्या बाजारात ते न बनलेल्या सिनेमांची पोस्टरं घेऊन बसत. देशोदेशींचे वितरक पोस्टर आणि एका ओळीची गोष्ट पाहून हक्क विकत घेत. त्या करारांवर कर्ज उचलायचं आणि मग सिनेमा काढायचा. म्हणजे विकायची गोष्ट पोस्टरवरच ठरलेली असे आणि ती द्यावीच लागे. पोस्टरवर तलवार घेतलेला निंजा असेल, तर पटकथेत काहीही असो, दर दहा मिनिटांनी निंजा आलाच पाहिजे. कथेला ठिगळं असतात ती यामुळे.

मुखवट्याचं अर्थशास्त्र

पण निंजाच का? कराटेवाला किंवा सामुराई का नाही? मला याचं एक उत्तर 'एंटर द निंजा' (1981) मध्ये सापडलं. गोलाननं स्वतः दिग्दर्शित केलेला हा सिनेमा फिलिपिन्समध्ये चित्रित झाला. मूळ कल्पना माइक स्टोन या कराटेपटूची आणि नायकही तोच व्हायचा होता. ऐन वेळी नायक बदलला आणि इटालियन नट फ्रँको नीरो आला. नीरोला निंजाविद्या येत नव्हती, त्याचं इंग्रजीही निर्मात्यांना चालण्यासारखं नव्हतं. मग संवाद दुसऱ्याच्या आवाजात डब झाले आणि मारामारीत बुरख्याआड माइक स्टोन उभा राहिला. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, अंग तिसऱ्याचं.

निंजाचा खरा उपयोग हा. डोळे सोडून सगळं झाकलेलं असल्यामुळे नटाचा डुप्लिकेट लपवावा लागत नाही. दहा माणसांत शंभर निंजे मारता येतात, कारण मेलेला माणूस कपडे झटकून पुढच्या दृश्यात पुन्हा मरायला तयार. गरीब निर्मात्याला यापेक्षा सोयीचं पात्र मिळणं कठीण.

हीच सोय हाँगकाँगमध्ये टोकाला गेली. जोसेफ लाय यांची 'आयएफडी' ही कंपनी आणि गॉडफ्री हो हा दिग्दर्शक यांनी कात्री आणि डिंकाचा धंदाच मांडला. कोरिया, थायलंड, फिलिपिन्स, तैवान इथले न चाललेले सिनेमे स्वस्तात घ्यायचे, गोऱ्या नटाला घेऊन निंजांची थोडी दृश्यं चित्रित करायची आणि दोन्ही जोडून, नवे संवाद डब करून नवा सिनेमा म्हणून विकायचा. 'निंजा टर्मिनेटर' (1985) हा त्यातला गाजलेला नमुना. यात रिचर्ड हॅरिसन हा अमेरिकन नट घरात बसून गारफील्ड बोक्याच्या आकाराच्या फोनवर बोलतो. फोन हास्यास्पद दिसतो, पण त्याचं काम महत्त्वाचं आहे. पलीकडचा माणूस आहे मूळच्या कोरियन सिनेमातला. दोघं एका चौकटीत कधीच येऊ शकत नाहीत, म्हणून फोन. हॅरिसननं मोजक्या सिनेमांसाठी काम केलं आणि ती दृश्यं कितीतरी सिनेमांत वापरली गेली. आपण कुठल्या कुठल्या सिनेमांत आहोत, हे त्यालाही नंतर कळलं.

पडणं मात्र खरं

इतकं सगळं खोटं असताना माणसं पहाटेपर्यंत का जागत होती? याचं उत्तर मला पुस्तकात नाही, दादाकडे मिळालं.

मागच्या वर्षी मी इचलकरंजीला गेलो, तेव्हा लॅपटॉपवर 'रिव्हेंज ऑफ द निंजा' (1983) लावला. दिग्दर्शक सॅम फर्स्टनबर्ग, नायक शो कोसुगी. हा जपानी नट 'एंटर द निंजा'मध्ये प्रतिस्पर्धी होता, इथे नायक झाला. अमेरिकन सिनेमात जपानी माणूस नायक होणं त्या काळी दुर्मीळच. शेवटी इमारतीच्या गच्चीवर कोसुगी आणि चंदेरी मुखवट्याचा खलनायक यांची लांबलचक लढत आहे. दादा इतका वेळ चहा पीत गप्प होता. एकदम म्हणाला, "थांब, मागं घे." एक माणूस पडत होता. "बघ, त्यानं हात आधी टेकला न्हाई. खांद्यावर घेतलं सगळं. नायतर मनगट गेलं असतं."

मी विचारलं, "तुम्ही तेव्हा हेच बघायचात?"

"मग? गोष्ट कोण बघत हुतं? ह्यो माणूस खरंच पडतोय का, ते बघायचं."

मागावर ज्याचा हात एका चुकीनं जाऊ शकतो, त्याची ही नजर. हे सिनेमे संगणकाच्या चमत्कारांपूर्वीचे आहेत. चांगल्या चित्रणाला पैसा नाही, म्हणून कॅमेरा बऱ्याचदा लांब आणि स्थिर उभा. त्यामुळे पूर्ण अंग दिसतं. संवाद डब करता येतो, चेहरा झाकता येतो, कथा चिकटवता येते, पण दहा फुटांवरून पडणारा माणूस पडतोच. नट वाईट आहे हे मी पाहत होतो आणि कारागीर चांगला आहे हे दादा पाहत होता. दोघांच्या समोर पडदा एकच होता.

मनापासून बिघडलेलं

आनंदाचा दुसरा झरा आहे प्रामाणिकपणाचा. सुझन सोंटॅगनं 1964 साली 'कॅम्प' या अभिरुचीवर लिहिताना म्हटलं होतं, की त्यातला अस्सल प्रकार जाणूनबुजून केलेला नसतो. तो पूर्ण गांभीर्यानं केलेला आणि फसलेला असतो.

याचं उत्तम उदाहरण 'मायामी कनेक्शन' (1987). वाय. के. किम हे कोरियाहून अमेरिकेत गेलेले तायक्वांदोचे गुरू. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत त्यांची शाळा. त्यांनी स्वतःचा पैसा ओतून आणि आपल्या शिष्यांना घेऊन हा सिनेमा काढला. पाच अनाथ तरुणांचा एक रॉक बँड कोकेन विकणाऱ्या निंजांशी लढतो, अशी गोष्ट. शेवटी निंजांची कत्तल होते आणि लगेच, हिंसा संपल्याशिवाय जगात शांतता येणार नाही, असा संदेश पडद्यावर येतो. वितरकांनी पाठ फिरवली, सिनेमा आपटला, किम कर्जात बुडाले. 2009 साली अमेरिकेतल्या एका चित्रपटगृहाच्या कार्यक्रम-संयोजकानं त्याची प्रिंट इंटरनेटवरच्या लिलावात 50 डॉलरला घेतली. प्रेक्षकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. किम यांना फोन गेला, तेव्हा कुणी थट्टा करतंय असं वाटून त्यांनी तो ठेवून दिला. 2012 साली सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला.

मीही आधी हा सिनेमा हसण्यासाठीच पाहिला. त्यात एका अनाथाला हरवलेल्या बापाचं पत्र येतं आणि तो ओक्साबोक्शी रडतो. अभिनय वाईट आहे. पण त्याचे मित्र त्याच्याभोवती ज्या आनंदानं गोळा होतात, तो अभिनय नाही. एकाच गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं घाम गाळलेली ती पोरं आहेत. तिथे माझं हसू थांबलं.

लाज वेगळी, अपराध वेगळा

आता दुसरा प्रश्न. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी 1979 च्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात दाखवून दिलं, की आपली आवड ही आपल्या सामाजिक जागेची खूण असते. काय आवडत नाही हे सांगूनच आपण 'त्यांच्यातले' नाही हे सिद्ध करतो. मित्रांसमोर मी दादाला 'कचरा' म्हणालो, ते सिनेमाबद्दल नव्हतंच. मी यंत्रमागाच्या गल्लीतला उरलो नाही, एवढंच मला सांगायचं होतं. याला मराठीत 'लाज' म्हणतात. लाज लोकांपुढे वाटते. दार लावलं की जाते.

अपराध दार लावून जात नाही, आणि तोही या सिनेमांत आहे. 'अमेरिकन निंजा' (1985) घ्या. पुन्हा फिलिपिन्स, पुन्हा फर्स्टनबर्ग. नायक मायकेल डुडिकॉफ. त्याला मार्शल आर्ट येत नव्हतं, मारामारी बसवायला माइक स्टोनच आला. शेजारी होता स्टीव्ह जेम्स, कृष्णवर्णीय, देखणा आणि ही विद्या खरोखर शिकलेला. तो नायकाचा मित्रच राहिला. 1993 साली, अवघ्या 41 व्या वर्षी वारला. आशियाची विद्या, आशियाची भूमी, मुखवट्याखाली मरणारे बहुतेक आशियाई आणि जिंकणारा गोरा. पडणाऱ्या त्या माणसांची नावं श्रेयनामावलीत शोधून पाहा; बहुतेकांची सापडत नाहीत. आपल्याकडे बी. सुभाष यांच्या 'कमांडो'वर (1988) 'अमेरिकन निंजा'ची छाप उघड दिसते. त्यात मिथुन नायक आणि डॅनी निंजा. निदान तिथे नायक आपल्यातला होता, हे दादाच्या गल्लीला फार आवडलं होतं.

तेव्हा माझा निष्कर्ष असा : या सिनेमांच्या आनंदाची लाज बाळगायचं कारण नाही. तो आनंद कष्टाची पारख करणाऱ्या नजरेचा आहे. अपराधी वाटायचंच असेल, तर ज्यांनी अंगावर मार घेतला आणि ज्यांचं नाव कुणी लिहिलं नाही, त्यांच्याबद्दल वाटावं.

आणि माझ्यापुरतं, आणखी एका माणसाबद्दल. परत निघताना मी दादाला त्या दिवाळीची आठवण काढून म्हणालो, "तेव्हा मी चुकीचं बोललो होतो." त्याला आठवत होतं. तो म्हणाला, "जाऊ दे, कवाची गोष्ट." मग फाटकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "फुडच्या येळेला येताना ते चंदेरी मुखवट्याचं परत आण. निम्मंच बघितलंय आपण."