समुद्रात शोधलं, वाळवंटात सापडलं

रीडिंग बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो, असं म्हटलं की ज्युनियर मंडळी गोंधळतात. तेव्हा मी त्यांना ‘लेडी बी गुड’ या अमेरिकन बी-२४ बॉम्बरची गोष्ट सांगते.

४ एप्रिल १९४३. लिबियातल्या सोलुक तळावरून हे विमान नेपल्सच्या मोहिमेवर गेलं. आत नऊ जण, सगळ्यांची एकत्र पहिलीच मोहीम. परतताना रात्री त्यांनी बेनिनाच्या रेडिओ केंद्राला दिशा विचारली. उत्तर आलं ३३० अंश, म्हणजे वायव्य.

आता इथे थांबा. एकाच लूपच्या अँटेनाला फक्त रेषा कळते. विमान त्या रेषेवर केंद्राच्या पुढे आहे की मागे, हे कळत नाही. नेपल्स वायव्येला, म्हणून विमान अजून समुद्रावरच आहे असं धरलं गेलं. प्रत्यक्षात ते तळ ओलांडून आग्नेयेला वाळवंटात शिरलं होतं. शोध मात्र समुद्रावर झाला. आपल्या उपकरणाला काय कळत नाही, हे तुमच्या प्रपोजलमध्ये कुठे लिहिलंय, बघा जरा.

१९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना ते सुमारे ७०० किमी आत दिसलं. नंबरावरून ओळख पटली, पण आत कुणीच नव्हतं. सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या होत्या. आठ जण एकत्र आले आणि जेमतेम पाण्यावर उत्तरेकडे चालत राहिले. सहवैमानिक टोनर यांच्या डायरीतली शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे.

१९६० मध्ये आठ मृतदेह मिळाले. नववा आजपर्यंत सापडलेला नाही.