ड्राइव्हची केबल, सेन्सरची वायर आणि कोल्ड स्टोरेजमधली द्राक्षं

फेब्रुवारी ते एप्रिल, नाशिककडे द्राक्षांचा हंगाम जोरात असतो. निफाड, दिंडोरी भागातला एक्स्पोर्टचा माल आधी प्रीकूलिंगला आणि मग 0 ते 1 अंश सेल्सिअसच्या खोलीत जातो. तापमान त्याखाली 2-3 अंश घसरलं तर मणी गोठायची भीती, वर राहिलं तर देठ सुकतात, कूज लागते. म्हणजे लाखोंचा माल खोलीतल्या एका छोट्या सेन्सरच्या भरवशावर असतो.

आता समजा, स्क्रीनवरचा आकडा अचानक उड्या मारायला लागला. सेन्सर बदलला, तरी तेच. पण पंख्याची मोटर बंद केली की आकडा गपगुमान जागेवर. असं झालं तर पहिला संशय वायरिंगवर घ्यायचा.

कारण ती मोटर ड्राइव्हवर चालते. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, व्हीएफडी. ते 415 व्होल्टच्या एसी विजेचं आधी डीसी करतं आणि मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरकडे पाठवतं. दर वेळी 500 व्होल्टहून मोठी उडी, तीही एका मायक्रोसेकंदाच्या आत. त्यामुळे ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबल जवळपासच्या वायरींत गोंगाट सोडत राहते.

आणि सेन्सरचा आवाज केवढा? पीटी-100 सेन्सरचा रोध एका अंशाला जेमतेम 0.4 ओहमने बदलतो. कंट्रोलरला तो फरक मिलिव्होल्टहून कमी दिसतो. डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून कानगोष्ट ऐकण्यातला प्रकार.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांनाही हाच नियम लागू. तिथे एन्कोडरच्या वायरीत दोन-चार खोटे पल्स शिरले, तरी मशीनचं मोजमाप चुकू शकतं आणि बोलणी ऑपरेटरला बसतात.

उपाय साधा आहे, पण ट्रे टाकतानाच करायला हवा. मोटरची केबल आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या ट्रेमधून न्यायच्या. दोन्हींत किती अंतर हवं ते ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये असतं, साधारण 20 ते 50 सेंटीमीटर. जागाच नसेल तर मध्ये अर्थ केलेला लोखंडी पडदा. एकमेकींना ओलांडायची वेळ आली तर काटकोनात, कारण समांतर धावणारं प्रत्येक मीटर त्रास वाढवतं.

मोटरची केबल शील्डवाली घ्यावी आणि शील्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने गोल आवळावी. बरेच वायरमन शील्डच्या तारांना पीळ देऊन लांब शेपटी काढतात आणि तीच अर्थला जोडतात. इथेच महागड्या केबलचा अर्धा फायदा वाया जातो, कारण इतक्या वेगवान गोंगाटाला त्या शेपटीतून सहज वाट मिळत नाही. सिग्नलसाठी पीळ दिलेली जोडवायर वापरावी. तिचं शील्ड ॲनालॉग सेन्सरला बहुधा पॅनेलच्या टोकालाच अर्थ करतात.