सोळास एक

नळाच्या टोकावरील आटे निमुळते असावेत आणि ते सोळास एक याच प्रमाणात, म्हणजे सोळा इंच लांबीत व्यास एक इंचाने वाढेल असे असावेत, हा दंडक फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ब्रिग्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घालून दिला, १८८६ मध्ये अमेरिकेतील कारखानदारांनी तो मान्य केला, आणि त्यानंतर आटे पाडण्याची साधने आमूलाग्र पालटली तरी त्या प्रमाणाचा अंमल तसूभरही ढळला नाही. ब्रिटिश आट्यांचा कोन व्हिटवर्थच्या रिवाजाप्रमाणे ५५ अंशांचा, अमेरिकन ६० अंशांचा. उतार मात्र दोघांचा एकच. अर्ध्या व पाऊण इंची नळांवर तर इंचाला आटेही दोघांचे चौदाच, त्यामुळे दोन्ही एकमेकांत बिनतक्रार चढतात आणि दाब येताच गळू लागतात.

पूर्वी लेथच्या टेपर अटॅचमेंटची पट्टी सुमारे १ अंश ४७ मिनिटांवर बांधून, चेंज गिअर लावून, एकेक काप घेत हे काम चाले. आणि टूल उताराला नव्हे, जॉबच्या अक्षाला काटकोनात ठेवावयाचे, ही त्यातली मुख्य शिस्त असे. १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अंकांच्या हुकुमावर चालणारे मिलिंग यंत्र जगापुढे आले. पुढे ते हुकूम वाहणारी छिद्रांची कागदी फीतही मागे पडली, आणि फानुक कंट्रोलच्या लेथवर टेपर अटॅचमेंटच्या पट्टीची जागा आटे पाडणाऱ्या जी ९२ या आज्ञेच्या ओळीतील 'आर' या एका अक्षराने घेतली.

या अक्षरापुढे आरंभीच्या व अखेरच्या त्रिज्यांतील फरक, म्हणजे टूलच्या एकूण मार्गाचा बत्तिसावा हिस्सा लिहावयाचा, आणि सारी मेख 'एकूण' या शब्दात आहे. आटे २० मिलिमीटर लांबीचे असले तरी टूल वेग घेण्यासाठी जॉबच्या तोंडापासून ५ मिलिमीटर अलीकडून निघते. मार्ग २५ चा, म्हणून आर ०.७८१, आणि बाहेरील आट्यांत चकाकडे जाताना व्यास वाढत असल्याने तो ऋण. विसाचाच हिशेब धरून ०.६२५ लिहिले, तर यंत्र त्याच इमानाने विसास एक उतार कापून देते; पृष्ठभाग लखलखीत, डोळ्यांना दोष दिसत नाही, आणि जॉब गेजच्या हवाली होईपर्यंत कोणास सुगावाही लागत नाही.

म्हणूनच पहिल्या जॉबवर रिंग गेज चढवण्याचे काम, माझ्या मते, प्रोग्राम लिहिणाऱ्याने तपासनिसावर न सोपवता स्वतःच्या हातांनी करावे. अमेरिकन आट्यांत हाताने घट्ट बसलेल्या गेजला एका फेऱ्याची पुढे-मागे सवलत आहे. पण गेज सवलतीत बसूनही हातात डुलत असेल, तर फेरे मोजत न बसता आधी 'आर'चा हिशेब पुन्हा मांडावा.