ड्यूटीवरची प्रार्थना

देवावर संपूर्ण मनाने प्रीती करायची, ही आज्ञा आम्ही ख्रिस्ती मुलं संडे स्कूलमध्येच पाठ करतो. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं विचारल्यावर येशूने हीच सांगितली. ती मूळची जुन्या करारातली, अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली. तिथे लगेच पुढे काय आहे, ते मात्र बहुतेकांच्या पाठांतरातून गळतं. घरात बसलेले असा, वाटेने चालत असा, निजताना, उठताना, या वचनांविषयी बोलत राहा, असं तिथे सांगितलंय. सगळं मन मागणाऱ्या देवाने त्यासाठी घरदार सोडायला लावलेलं नाही. मी परिचारिका आहे, तीन पाळ्यांत काम करते. मला या पुढच्या वचनांचा फार आधार वाटतो.

मंडळीतल्या बायका म्हणतात, "ताई, प्रार्थनेला बसलं की नेमकी कुकरची शिट्टी होते, मनच लागत नाही." त्यांना मी ब्रदर लॉरेन्सबद्दल सांगते. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात हा साधा बंधू स्वयंपाकघरात राबायचा. तरुणपणी तो सैनिक होता, पायाला जखम होऊन कायमचा लंगडा झालेला. स्वयंपाकाची त्याला मुळीच आवड नव्हती. पुढे तो मठातल्या चपला दुरुस्त करू लागला. 1691 मध्ये तो वारला आणि त्यानंतर त्याची पत्रं नि संभाषणं पुस्तकरूपात आली. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटातली वेळ त्याला वेगळी वाटत नसे. मन भरकटलं तर स्वतःला बोल लावत बसू नये, त्याला हळूच देवाकडे वळवावं, हा त्याचा सल्ला. किती दिलासा आहे यात!

साबणाने हात नीट धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. तेवढ्यात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणून होते. मी ती नळापाशी मनात म्हणते आणि ज्या खाटेकडे निघाले असेन, तिथल्या माणसाचं नाव शेवटी घेते. एका आजींच्या पाठीला झोपून झोपून जखम झाली होती. चिकटलेली पट्टी सोडवताना त्या कळवळल्या, "सिस्टर, हळू गं बाई." आत्ताच देवापुढे त्यांचं नाव घेतलेलं, त्यामुळे घाई आपोआप गळाली. सलाइनचं पाणी सोडून, पट्टी पूर्ण भिजू देऊन मी ती सोडवली. प्रार्थना नुसती ओठांची की खरी, हे मला अशा वेळी हातांवरून कळतं.

रुग्णाची हाक मी व्यत्यय मानत नाही. आजाऱ्याकडे गेलात ते माझ्याकडेच आलात, असं येशूने सांगून ठेवलंय. मोबाइलचं तसं नाही. तिथे कुणी बोलावलेलं नसतं, तरी रात्री दोनला वॉर्ड निजला की बोट रील्सकडे जातं. म्हणून आता ड्यूटीभर माझा फोन लॉकरमध्ये असतो; घरच्यांना वॉर्डाचा नंबर दिलाय.

'काम हीच प्रार्थना' म्हणून वेगळी वेळ टाळणं मात्र मला पटत नाही. लॉरेन्सलाही मठाच्या ठरलेल्या प्रार्थना होत्याच. आणि मार्काचा पहिला अध्याय बघा. संध्याकाळी कफर्णहूम गाव आजाऱ्यांना घेऊन दाराशी लोटलं, येशूने कितीतरी जणांना बरं केलं, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला शेकडो बायकामुलांचा व्याप सांभाळत मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये छापून झालं. एवढ्या व्यापातही त्यांनी वचनापाशी बसणं सोडलं नाही.

रात्रपाळी असली की माझी पहाट सकाळी नऊला होते. आंघोळ, चहा, मग झोपण्याआधी स्तोत्र वाचायचं, तेही मोठ्याने, कारण जागरणाने डोळे ओळी गाळतात. सध्या 119 वं चालू आहे. 176 वचनांचं, सगळ्यांत लांब. त्याची आठ-आठ वचनांची 22 कडवी आहेत, म्हणून रोज एक कडवं घेते.