स्पेस ओडिसी (विज्ञानकथा मालिका)

स्पेस ओडिसी ही ब्रिटिश लेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या चार इंग्रजी कादंबऱ्या व त्यांच्याशी निगडित दोन चित्रपट यांची विज्ञानकथा मालिका आहे. मानवापेक्षा कितीतरी प्रगत अशा परग्रहवासीयांनी ठेवलेल्या काळ्या, गुळगुळीत शिळा आणि त्यांचा मानवाच्या उत्क्रांतीशी असलेला संबंध हे मालिकेचे मध्यवर्ती सूत्र होय. या शिळेला 'मोनोलिथ' म्हणतात. तिच्या बाजूंचे प्रमाण १ : ४ : ९ असे, म्हणजे पहिल्या तीन पूर्णांकांच्या वर्गांचे आहे.

पार्श्वभूमी

क्लार्क यांनी १९४८ साली लिहिलेली 'द सेंटिनल' ही लघुकथा मालिकेचे बीज मानली जाते. १९६४ पासून क्लार्क व दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी तिच्या आधारे कथा रचण्यास प्रारंभ केला. पटकथा आणि कादंबरी यांचे लेखन बरोबरीने चालले. त्यामुळे '२००१' हा चित्रपट कादंबरीवर बेतलेला आहे असे म्हणता येत नाही. १९६८ मध्ये चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला व कादंबरी त्यानंतर काही महिन्यांनी प्रसिद्ध झाली.

मालिकेतील कृती

* २००१: अ स्पेस ओडिसी – चित्रपट व कादंबरी (१९६८)
* २०१०: ओडिसी टू – कादंबरी (१९८२), चित्रपट (१९८४, दिग्दर्शक पीटर हायम्स)
* २०६१: ओडिसी थ्री – कादंबरी (१९८७)
* ३००१: द फायनल ओडिसी – कादंबरी (१९९७)

कादंबरी व चित्रपट यांतील भेद

चित्रपटात 'डिस्कव्हरी' हे यान गुरू ग्रहाकडे जाते, तर कादंबरीत ते शनीच्या आयापेटस या उपग्रहापर्यंत पोहोचते. शनीची कडी पडद्यावर विश्वसनीय वाटतील अशी दाखवणे तेव्हा साधले नाही, म्हणून कुब्रिक यांनी गुरूची निवड केली. दुसरी कादंबरी लिहिताना क्लार्क यांनी स्वतःच्या पहिल्या कादंबरीऐवजी चित्रपटातील घटनाक्रम स्वीकारला. म्हणूनच केवळ कादंबऱ्या क्रमाने वाचणाऱ्यास शनीजवळ सोडलेले यान पुढच्या पुस्तकात गुरूजवळ सापडते.

यानावरील हॅल ९००० हा संगणक अंतराळवीरांच्या जिवावर का उठतो, याचा उलगडा पहिला चित्रपट स्पष्टपणे करत नाही. त्याच्या सुरुवातीच्या सुमारे २५ मिनिटांत तर एकही संवाद नाही. कादंबरी मात्र कारण सांगते : माहिती अचूक देण्यासाठी घडवलेल्या हॅलला मोहिमेचा खरा हेतू सहकाऱ्यांपासून लपवण्याची आज्ञा होती आणि या विसंगतीतून त्याचे संतुलन ढळले. कादंबऱ्यांत हॅलला शिकवणारे शास्त्रज्ञ डॉ. चंद्रा हे भारतीय वंशाचे आहेत.

'२०१०' या कादंबरीत अमेरिकी व सोव्हिएत अंतराळवीर एकत्र प्रवास करतात. चित्रपटात त्याला दोन्ही देशांमधील युद्धजन्य तणावाची जोड देण्यात आली आहे. कादंबरीतील चिनी यानाचा प्रसंग मात्र त्यात नाही.

विज्ञानाचा प्रभाव

१९७९ मध्ये व्हॉयेजर यानांनी गुरूच्या उपग्रहांची छायाचित्रे पाठवली. युरोपा या उपग्रहाच्या बर्फाखाली पाणी व जीवसृष्टी असण्याच्या कल्पनेला '२०१०'मध्ये महत्त्वाचे स्थान मिळाले. पुढील कादंबरीसाठी क्लार्क यांना गॅलिलिओ मोहिमेच्या निष्कर्षांची प्रतीक्षा होती. परंतु १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेमुळे ती मोहीम लांबली व त्यांनी हॅलेच्या धूमकेतूच्या २०६१ मधील पुनरागमनाभोवती कथा गुंफली.

नव्या ज्ञानानुसार कथेत बदल करत गेल्याने चार कादंबऱ्यांत काटेकोर सातत्य राहिले नाही. त्या एकाच विषयाची निरनिराळी रूपे असून सर्व घटना एकाच विश्वात घडतात असे मानण्याचे कारण नाही, अशी क्लार्क यांची भूमिका होती.

सन्मान

'२००१' या चित्रपटाच्या विशेष दृश्यपरिणामांसाठी कुब्रिक यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्यांना मिळालेला हा एकमेव ऑस्कर होय. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी या चित्रपटाची निवड झाली.