रमाबाई, क्रूस आणि विवेकभाव

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रापाशी आपण मागच्या वेळी थांबलो होतो. ‘शुद्ध शिकवण’ म्हणताना त्यात जो ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ ‘निरोगी’ असा आहे. आणि या शिकवणीबरोबर तिथं चांगला विवेकभावही मागितलेला आहे. दोन्ही एकाच बाजूला असतील तर प्रश्नच नाही. पण शिकवण एक सांगते आणि मनाला ते पटत नाही, तेव्हा उपासनेला उभं राहिलेल्या माणसानं काय करायचं?

पंडिता रमाबाईंपुढे नेमका हाच पेच आला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचं नातं इतकं घरगुती, की पत्रांत त्या त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पण १८८५ ची पत्रं वाचा! गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपासून वाद आहे. पुढे तो त्रैक्याच्या सिद्धान्तापर्यंत गेला. रमाबाईंचं म्हणणं असं, की आपल्या देशातल्या भटभिक्षुकांचं जू आत्ताच कुठं मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही. ख्रिस्ती झालो म्हणजे विचार करायचं सोडलं असं नव्हे.

आता इथं आपण लगेच रमाबाईंच्या बाजूनं टाळ्या वाजवतो. जरा थांबू या. जेराल्डीनबाईंचंही ऐकायला हवं. मंडळी एकत्र उभी राहून विश्वासांगीकार म्हणतात, तेव्हा तो एकेकट्याच्या मताचा जाहीरनामा नसतो. ज्यानं त्यानं पटेल तेवढंच म्हणायचं ठरवलं तर ‘आम्ही’ म्हणून उपासना करणारं कोण उरतं?

शब्दांतही हा फरक आहे बघा. आपला ‘विवेक’ म्हणजे वेगळं करणं, निवडणं. ग्रीक ‘सुनेइदेसिस’मध्ये ‘सह’ आहे, सोबतीनं जाणणं. रमाबाई निवडत होत्या, जेराल्डीनबाई सोबत मागत होत्या.

आमचं मत विचाराल तर न पटलेलं तोंडानं म्हणण्यापेक्षा रमाबाई गप्प राहिल्या असत्या तरी ती खरी उपासनाच होती. थॉमस अॅक्वायनसनंही म्हटलंय, विवेक चुकत असला तरी त्याच्याविरुद्ध वागणं पापच. पण चुकू शकतो, हे त्यानं सोडलेलं नाही. पौलही करिंथकरांना लिहितो, की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्यानं मी निर्दोष ठरत नाही. रमाबाईंनी हे स्वतःला लावून पाहिलं. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता. हे त्या जेराल्डीनबाईंच्या दडपणानं म्हणाल्या नाहीत. मधे वीसेक वर्षं गेली होती.

इंग्लंडात त्या शाकाहारीच राहिल्या, त्यावरूनही बोलणी खावी लागली. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय खाण्यापिण्याच्या अशाच वादावर आहे. तो पुढच्या वेळी घेऊ.