दोन भाषांमधील कळ

संगणकाच्या पडद्यावरील कळ दाबली कीं काम होतें. परंतु त्या दाबण्याची वर्दी कित्येकदां एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत जात असते. १९९५ सालीं नॉर्वेंत प्रसिद्ध झालेला 'क्यूट' हा खिडक्या व कळा रचण्याचा साधनसंच सी प्लस प्लस भाषेंत लिहिलेला आहे. १९९८ पासून 'पायक्यूट' या दुभाष्याच्या द्वारें तो पायथन भाषेंतूनही वापरतां येतो. कळ संकेत देते, दुभाषा तो पोंचवितो आणि पायथनमधील नेमलेली कृति चालूं लागते.

येथें तीन पथ्यें पाळावीं लागतात. पहिलें, संकेत ऐकणारी वस्तु जिवंत ठेवणें. पायथनमध्यें जी वस्तु कोणीं धरून ठेविली नाहीं ती नष्ट होते, आणि कळ मुकी होते. दुसरें, कृति आटोपशीर ठेवणें. ती संपेपर्यंत खिडकी निश्चल राहते. दीर्घ काम पडद्यामागें चालणाऱ्या निराळ्या धाग्यावर सोपवून उत्तर संकेतानेंच परत आणावें.

तिसरें पथ्य सर्वांत महत्त्वाचें. पायथनमधील चूक भाषेची सीमा ओलांडून सी प्लस प्लसमध्यें जाऊं शकत नाहीं. पूर्वीं न सांवरलेली चूक नुसती छापली जाई. २०१५ मधील ५.५ या आवृत्तीपासून, निराळी व्यवस्था केलेली नसल्यास, सबंध आज्ञावलीच बंद पडते आणि जतन न केलेलें लेखन जातें. म्हणून फाइल न उघडण्यासारखी अपेक्षित चूक त्या कृतींतच सांवरावी. अनपेक्षित चुकीसाठीं 'एक्सेप्टहुक' ही शेवटची चौकी बसवावी. तेथें चुकीची नोंद व्हावी, वापरणाऱ्यास सूचना मिळावी आणि त्याचें लेखन वांचावें.